विशेषणांशिवाय

"अगं, ही उत्तरपत्रिका आहे की श्रद्धांजली?" लॉ कॉलेजच्या सरांनी तिचा सरावाचा कागद परत केला. "‘बिचारा’, ‘निष्पाप’ असलं काही नको. आधी घटना, मग मुद्दा, मग कायदा, शेवटी निष्कर्ष."

त्या कागदावरचा अपघाताचा प्रश्न तिने स्वतःच तयार केला होता. त्यातला पादचारी म्हणजे तिचे वडील, हे सरांना ठाऊक नव्हतं. ट्रकमालकाविरुद्धचा दावा अजून कोर्टात पडून होता. मुलगी वकील होऊन तो जिंकेल, या आशेवर आई जगत होती.

तिने पुन्हा लिहिलं. सिग्नल ट्रकसाठी हिरवा होता. ट्रकचा वेग मर्यादेत होता. पादचारी दुभाजक ओलांडून अचानक समोर आला. एकेक वाक्य कोरडं होत गेलं, तशी तीही. निष्कर्ष आपोआप कागदावर उतरला: चालकाचा दोष नाही.

"आत्ता कसं!" सर खूश झाले. "असंच लिहीत जा, पहिली येशील."

घरी आईने ताट वाढलं. "काय शिकवलं गं आज? आपल्या दाव्याच्या कामाचं काही?"

"नीट लिहायला शिकवलं," ती म्हणाली आणि वरणभात कालवू लागली.