अक्रोड भिजत घालायच्या आधी

"आणि माझ्या खिरीत मी चिमूटभर मस्तकीचा डिंक कुटून घालते," जोर्जेत म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं नव्हतं. घ्या, आज सांगितलं."

डाळिंब पिळणारा वरदेचा हात थांबला. जोर्जेत आपणहून कृती पुरी सांगते? अख्ख्या झाहले गावात प्रसिद्ध होतं की ही बाई कृती देईल, पण एक जिन्नस गिळून देईल.

"अगं, मरायला टेकलीस की काय?" वरदेने विचारलं.

एरवी जोर्जेतने फाडकन उत्तर दिलं असतं. आज ती नुसती पेले पुसत बसली. तेच तेच तीन पेले.

महिन्यातून एकदा तिघी मैत्रिणी कुणा एकीच्या घरी जमायच्या. घरच्या बाईने एक गोड पदार्थ आणि एक मसाल्याचं पेय सगळ्यांसमोर करून दाखवायचं, असा रिवाज. आज पाळी वरदेची. डाळिंबाचा रस, दालचिनी-लवंगांचा पाक आणि वर घरचा अरक, म्हणजे बडीशेपेची दारू. पाहुण्यांनी रिकाम्या हाताने यायचं. तरी नुहाद एक झाकलेलं भांडं घेऊन आली होती, आणि ते खिडकीत ठेवून त्याच्या पुढ्यात अशी बसली होती की जणू भांडं पळून जाईल.

"माझा फोन आणलास?" वरदेने जोर्जेतला विचारलं. वरदेच्या घरी कालपासून वीज नव्हती. जोर्जेतकडे जनरेटर, म्हणून सकाळीच येऊन ती फोन भरायला घेऊन गेली होती.

"नाही भरला अजून."

"सकाळपासून? फोन आहे का टाकी?"

वरदेचा जीव त्या फोनात अडकला होता. तिचा एकुलता एक मुलगा रामेझ दूर परदेशात, आबिजानला, आणि सुनेचे दिवस भरले होते. आधीची दोन पोटातच गेली. दोन्ही वेळा वरदेने हौसेने बातमीच्या आधीच अक्रोड भिजत घातले होते. मूल जन्मलं की मेघली करायची, तांदळाच्या पिठीची, शहाजिरं, दालचिनी आणि बडीशेप घालून, वर भिजवलेले अक्रोड. जन्मल्यावर, आधी नाही. दोन्ही वेळा तिला दम निघाला नाही आणि दोन्ही वेळा ते अक्रोड तिने रडत रडत कोंबड्यांना घातले. आपल्याच हातून नातवंडं गेली असं तिने मनाशी धरलं होतं. या वेळी तिने घरात अक्रोड ठेवलाच नव्हता.

"वरदे, तू मेघली किती वेळ ढवळतेस?" नुहादने हळूच विचारलं.

"जीभ झडो तुझी! आज कशाला तिचं नाव?"

"सहजच गं."

"सहज नको नि मुद्दाम नको. आधी माझा तन्नूस येऊ दे."

तन्नूस हे वरदेच्या नवऱ्याचं नाव. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आजोबाचं नाव नातवाला, त्यात विचारायचं काय?

"तुझ्या सासरसारखा घोळ नको बाई," वरदे नुहादला म्हणाली. नुहादचा नवरा इल्यास, आणि सासराही इल्यास. सासरा गेला तेव्हा हा नवरा अजून आईच्या पोटात होता, म्हणून त्याला मेलेल्या बापाचं नाव मिळालं. नाहीतर जित्या बापाचं नाव पोराला कोण ठेवतं? "टपालवाला अजून विचारतो, पत्र वर गेलेल्या इल्यासचं की खाली राहिलेल्या?"

हा विनोद तिघींनी शंभरदा केला होता आणि शंभरदा हसल्या होत्या. आज वरदे एकटीच हसली.

तिने दोघींकडे पाहिलं. जोर्जेतचे डोळे सुजलेले. नुहादचा भाऊ आबिजानलाच दुकान चालवतो. बातमी आधी त्याला कळणार, आणि त्याच्याकडून नुहादला.

"नुहाद, बाजूला हो."

"वरदे, ऐक तर—"

वरदेने तिला खांद्याने ढकललं आणि झाकण काढलं. आत मेघली होती. तपकिरी, घट्ट, वर पांढरेशुभ्र सोललेले अक्रोड.

"ही... ही कुणासाठी?"

"तुझ्या नातवासाठी," नुहाद म्हणाली. "पहाटे झाला."

"जिवंत आहे? खरं सांग. मेरीची शपथ घे."

"मेरीची शपथ. जिवंत आहे, धट्टाकट्टा आहे. सूनही बरी आहे."

वरदेने भांड्याचं झाकण छातीशी धरलं. मग हसायला लागली, मग रडायला. "चेटकिणींनो! पहाटेपासून माझा जीव टांगून ठेवलात? आणा तो फोन, रामेझशी बोलते आधी."

"आधी चार घास गोड खा," जोर्जेत घाईने म्हणाली. "माझ्यासाठी खा. मग काय ते."

वरदेने खाल्लं. तोंड भरून खाल्लं. "शहाजिरं कमी पडलंय," ती म्हणाली. "पण गोड आहे. देवा, गोड आहे!" तिने तिन्ही पेल्यांत डाळिंबाचा अरक ओतला. दोघींनी पेले उचलले नाहीत.

"उचला गं! माझा तन्नूस परत आला!"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"तन्नूस नाही ठेवलं, वरदे," नुहाद म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"हे त्या सुनेचं काम! ठेवलं असेल काहीतरी फ्रेंच. रडतेस कशाला? सांग ना, काय ठेवलं?"

नुहादने तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"रामेझ," ती म्हणाली.