सोबत सहा अहवाल

“नाव?” अर्ज टाइप करून देणाऱ्या मुनिराने संगणकावरून नजर न हटवता विचारले.

“सांडू कडुबा म्हस्के,” कारभारी म्हणाला.

हे त्याचे नाव नव्हते. गेल्या अकरा वर्षांत हे नाव त्याने स्वतःहून उच्चारलेही नव्हते.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो आणि सांडू एकाच लेथवर पिना घडवीत; एक पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला. दर सोमवारी पाळ्यांची अदलाबदल होई. यंत्र सोडताना सांडू बसवलेले कापायचे टूल मुद्दाम काढून ठेवी. कारभारी लोखंडाचा कीस न झाडता निघून जाई. दोघांमधला व्यवहार एवढाच होता.

फोरमन महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. त्याची खुर्ची तपासणीचे अहवाल पाहून देईन, असे मालक काकासाहेबांनी जाहीर केले होते. कारभारीला ती खुर्ची एकोणीस वर्षांपासून हवी होती, आणि अहवाल त्याच्या विरुद्ध होते.

लेथजवळच्या मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसे. त्याहून बारीक माप फक्त तपासनीस बद्रीनाथच्या टेबलावर कळे. तयार पिना दर शनिवारी प्लेटिंगसाठी, म्हणजे मुलामा चढवायला, पैठणला जात. परत आल्या की बद्रीनाथ त्या मोजी आणि शनिवारीच फळ्यावर कागद लावी. कागदावर नाव नसे, पाळी असे. पाळीसमोर पिनांच्या व्यासातली तफावत मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात; ती जितकी कमी तितके काम सरस. कारभारी पहिल्या पाळीला असला की दुसऱ्या पाळीची तफावत सहा मायक्रॉन आणि पहिलीची चौदा. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या पाळीला गेला की सहाचा आकडा पहिल्या पाळीसमोर. सलग सहा आठवडे हेच. योगायोग इतका शिस्तबद्ध नसतो. आणि आकडे कुणाचा द्वेष करीत नाहीत, हे कारभारी जाणून होता.

तेव्हा सांडूलाच हलवणे भाग होते. वाळूजच्या एका मोठ्या कंपनीला टर्नर हवा होता. कायम नोकरी, दुप्पट पगार. मात्र तफावत आठ मायक्रॉनच्या आत हवी. स्वतः अर्ज करण्याचा विचार कारभारीने त्या आठापाशी सोडून दिला.

“शिक्षण?”

“आयटीआय, टर्नर. अनुभव एकवीस वर्षं.”

“माहितीचा कागद झाला. आता सोबतचं पत्र. ‘मी प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे’ असं टाकू?”

“नाय. मनमिळाऊ तर बिलकुल नाय.”

मुनिराचे हात थांबले. “स्वतःबद्दल असं कुणी सांगतं का, भाईसाब?”

“जे मोजता येतं तेवढंच लिहा, बाई.”

सांडू काम कसे करतो, हे कारभारीने कधी पाहिले नव्हते. त्यामुळे पद्धतीच्या जागी त्याने स्वतःची पद्धत सांगितली. मुनिराने टाइप केले: ‘माझ्या हातच्या पिनांच्या व्यासात सहा मायक्रॉनपेक्षा अधिक तफावत येत नाही. टूलला धार मी स्वतः लावतो. शेवटचा काप घेण्यापूर्वी पिन पूर्ण थंड होऊ देतो. सलग सहा अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. खूण केलेली पाळी माझी.’

“लई तारीफ केली की स्वतःची!” ती हसली. “करा सही.”

कारभारीने सही केली. सांडूची सही पगारपत्रकावर त्याने दर महिन्याला पाहिली होती.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, पाळी बदलताना सांडूने एक पत्र त्याच्या नाकासमोर फडकवले.

“वाच, कारभारी. वाळूजवाले म्हणत्यात, अहवाल पाहूनच घेतलं, चाचणीची गरज नाय. अर्ज म्या केला नव्हता. कोण्या कदरदानानं केला असंल.”

“जाय मग.”

“जातोच. तू बस हितं कीस झाडत.”

“जाताना टूल ठिवून जाय. कारखान्याचं हाये.”

सांडूने टूल जमिनीवर टाकले आणि तो गेला. तासाभराने काकासाहेबांनी कारभारीला बोलावून फोरमन केले. कारभारी थेट बद्रीनाथच्या टेबलाशी आला. त्याला ही बातमी कुणाला तरी सांगायची होती.

“खुर्ची मिळाली, बद्रीनाथ. सांडूचे सहा मायक्रॉन तेवढे गेले. त्याला इलाज नाय.”

“सांडूचे?” बद्रीनाथने मान वर केली. “सांडूचे चौदा. सहा तुमचे. काकासाहेबांनी तुमचं नाव कवाच पक्कं केलं होतं.”

कारभारीने फळ्यावरच्या ताज्या कागदाकडे बोट केले. “वाच की. पहिली पाळी, सहा. या आठवड्यात पहिल्या पाळीला सांडू होता.”

बद्रीनाथने खिडकीबाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिले. त्यात पिनांच्या पेट्या चढत होत्या.

“या आठवड्याच्या पिना तर आत्ता पैठणला चालल्यात, कारभारी. म्या मोजल्या त्या मागल्या आठवड्याच्या. तवा पहिल्या पाळीला तुम्ही होता.”