एकच बॅग

दुकानदाराने काळ्या बॅगेची चेन उघडली आणि तिच्या पोटातून चुरगळलेल्या कागदांचे बोळे बाहेर काढले. बोळे निघाले तशी बॅग मलूल होऊन बसली. “दिसायला बरी दिसते म्हणून भरून ठेवतो,” तो म्हणाला. “आता तुमचा कॅमेरा ठेवून बघा. लेन्सला शेजारी वेगळा कप्पा आहे. दोघं सुखाने नांदतील.”

“ऐकलंत?” आई मुलांकडे वळून म्हणाली.

ऐकलं दोघांनीही. थोरला काउंटरच्या या टोकाला, कॅमेरा छातीशी धरून. धाकटा त्या टोकाला, लेन्स रुमालात गुंडाळून. कॅमेरा थोरल्याच्या पैशाचा, लेन्स धाकट्याच्या पैशाची, आणि दोघांच्या फोटो स्टुडिओला कुलूप लागल्यापासून दोघांचा छत्तीसचा आकडा. मधे उभी राहायला आई होतीच.

आज दोघं एका छपराखाली आले होते ते बाबांच्या शब्दाखातर. बाबा आता पलंगावरून उठत नव्हते. सकाळी त्यांनी आईचा हात धरला आणि म्हणाले, “जुनी बॅग फाटली, म्हणून ज्याची वस्तू त्याच्या घरी, असं पोरं सांगतात मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? नवी आण. एकच आण. दोन्ही तिच्यात घाल आणि समोरच्या खुंटीला टांग. मग मी डोळे मिटायला मोकळा.” ती त्यांच्यावर नेहमीसारखी करवादली होती, आणि लगेच पायात चपला सरकवून निघाली होती.

“आई, त्याला सांग, ही फार जड आहे,” धाकटा म्हणाला.

“आई, त्याला विचार, आजवर उचलत कोण होतं?” थोरला म्हणाला.

“मी काय टेलिफोन आहे का रे?” आई म्हणाली. दुकानदार हसू दाबत दुसरी बॅग काढायला वळला.

दुसरी करडी होती, जरा मोठी, पण हलकी. तिच्यातलेही कागद निघाले. थोरल्याने कॅमेरा आत ठेवला. धाकट्याने रुमाल सोडला आणि लेन्स शेजारच्या कप्प्यात बसवली. बसली की नीट, आईच्या मनात आलं. आता कोणी काही बोलू नये म्हणजे मिळवली.

दुकानदार बोललाच. “लग्नाकार्यात घाई असते. पटकन हाताला लागतंय का तेवढं बघून घ्या.”

थोरल्याने कॅमेरा काढून गळ्यात अडकवला, त्याचं झाकण काढलं आणि समोर दरवाजाकडे बघतच डावा हात मागे पसरला. मान वळवली नाही, काही मागितलंही नाही. धाकट्याने बॅगेतली लेन्स उचलली, मागचं झाकण काढलं आणि ती त्या तळव्यावर ठेवली, बरोबर हव्या त्या बाजूने, खुणेचा ठिपका वर. टक् करून लेन्स बसली. कितीतरी नवरानवरींचे फोटो त्यांनी असेच काढले होते.

आईने ते पाहिलं. म्हणजे भांडण अजून हातांपर्यंत पोचलेलं नाही. तोंडांचं काय, ती आज ना उद्या वळतील. तिने घाईघाईने पदराने कपाळ पुसलं.

थोरल्याने लेन्सचं पुढचं झाकण काढून कॅमेरा डोळ्याला लावला. दरवाजा पाहिला, बॅगांची रांग पाहिली, आणि वळता वळता कॅमेऱ्यासमोर धाकटा आला. थोरला तिथेच थांबला. धाकटा हलला नाही.

“दादा,” तो म्हणाला.

थोरल्याने कॅमेरा खाली घेतला. लेन्स फिरवून सोडवली. घ्यायला धाकट्याचा हात पुढे आला होता. थोरल्याने लेन्स त्या हाताच्या बाजूला, काउंटरवर ठेवली.

“आई, त्याला सांग, उचलून घे म्हणावं.”

धाकट्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने लेन्स उचलली.

“अशी उघडी ठेवू नका, धूळ जाते,” दुकानदार म्हणाला. दोघांनी आपापली झाकणं लावली. मग थोरल्याने फक्त कॅमेऱ्यापुरती बॅग मागितली, आणि धाकट्याने लेन्सची पिशवी. निवडायला दोघांनाही वेळ लागला नाही.

“आई, चल, सोडतो तुला,” थोरला दारातून म्हणाला.

“मी सोडतो,” धाकटा म्हणाला.

“मी जाईन माझी. तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. तिला रडू आलं, ते तिने गिळलं. परक्याच्या दुकानात कुठे रडत बसायचं.

दुकानदार करड्या बॅगेत कागदाचे बोळे पुन्हा कोंबत होता.

“ती द्या मला,” आई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बोळे परत बाहेर काढायला लागला.

“राहू द्यात आत. आणखी असतील तर तेही घाला.”

“अहो, पण कागद कशाला घरी नेता?”

“समोरच्या खुंटीला टांगायची आहे,” ती म्हणाली. “हे पलंगावरूनच बघणार. उठून हात लावायला थोडेच येणार आहेत.”