जुना बेल्ट

"अडतीस हजार," मल्लेश मिस्त्री हात पुसत म्हणाला. "टायमिंग बेल्ट, पुल्या, पाण्याचा पंप, सील. दीड लाख किलोमीटरचं काम म्हणल्यावर एवढं होणारच."

सटवाजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. औशाचं हे गॅरेज त्याने मुद्दाम गाठलं होतं. लातुरातले सगळे मिस्त्री माणिकप्पांच्या ओळखीचे, आणि गाडी माणिकप्पांची. सटवाजी नुसता ड्रायव्हर. मालक आज पाहुण्यांच्या गाडीतून सोलापूरला लग्नाला गेले होते, तेवढीच काय ती सवड.

"मीटर तर एक लाख बारा हजारच दाखवून राहिलंय," मिस्त्री म्हणाला.

"मीटरचं सोड. एक लाख साठच्या वर गेली हाय."

मिस्त्री गालात हसला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. अशा गाड्या त्याच्याकडे बऱ्याच यायच्या.

मालक सकाळी दहाला डाळमिलमध्ये शिरले की सहापर्यंत बाहेर येत नसत. मधल्या वेळात सटवाजी मीटरची वायर काढायचा आणि भाडी मारायचा. पोरांना क्लासला घालायला आलेले आईबाप, मोंढ्यातले व्यापारी, जे मिळेल ते. डिझेल स्वतःच्या पैशाचं टाकायचा, त्यामुळे आपण चोरी करतोय असं त्याच्या मनाला कधी लागलं नाही. शिवाय मालक भोळे. सहा वर्षांत त्यांनी एकदाही मीटरकडे वाकून पाहिलं नव्हतं.

पण इंजिनाच्या डोळ्यांत धूळ कशी फेकणार? हा बेल्ट दीड लाखाला बदलावाच लागतो. तुटला तर चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. मागच्याच आठवड्यात सोलापूर रोडवर अशीच एक गाडी बंद पडली आणि मागून ट्रक आला. दोघं जागेवर गेले. सटवाजीने तो चेंदामेंदा डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हापासून त्याला झोप नव्हती. आणि सोमवारी मालक सुनेला आणि दोन नातवंडांना घेऊन श्रीशैलला निघणार होते. घाटातून.

मालकांना सांगावं, तर वायरचंही सांगावं लागणार. ते सांगितलं की नोकरीवर पाणी सोडायचं.

त्याच्या खिशात चाळीस हजार होते. ते त्याच्या बायकोच्या, रुक्मिणबाईच्या डोळ्यांचे होते. तिला काचबिंदू होता. दिवाळीच्या आत ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नसते, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

मिस्त्रीने झाकण काढून आत बॅटरी मारली. "इंजिन लई साफ ठेवलंय."

ते रुद्रेशचं काम, असं सटवाजीने सांगितलं. श्रावणात आई वारली तेव्हा सटवाजी आठ दिवस गावी, लोह्याला होता. तेवढे दिवस बदलीवर आलेल्या त्या पोराने मालकांपुढे चमकायला गाडी आतून-बाहेरून धुऊन काढली होती.

"बेल्ट वरून तर बरा दिसून राहिलाय," मिस्त्री म्हणाला. "पण त्याच्या दिसण्यावर काही न्हाई. एक लाख साठ चालली म्हणता, तर मी भरवसा देणार न्हाई. लेकरंबाळं बसणार असतील तर बदला."

सटवाजीने खिशातले पैसे चाचपले. मग म्हणाला, "बदल."

संध्याकाळी मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे जुना बेल्ट त्याच्या हातात दिला. काम केल्याची खूण. सटवाजीने तो डिकीत स्टेपनीखाली दडवला.

घरी गेल्यावर डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय, असं त्याने रुक्मिणबाईला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. बरं, असं म्हणून तिने त्याचं ताट चाचपत पुढे सरकवलं.

श्रीशैलची वारी छान झाली. घाटात इंजिनाने हूं की चूं केलं नाही. धाकटा नातू आजोबांच्या मांडीवर झोपला होता. आरशातून त्याच्याकडे पाहताना सटवाजीला भरून आलं. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्याला वाटलं.

महिनाभरात भाडी मारून पैसे उभे करू, हा त्याचा हिशेब होता. पण दिवाळीला क्लास बंद झाले, भाडी आटली. मग मालकांच्याच फेऱ्या वाढल्या. महिना म्हणता म्हणता चार महिने गेले. फाल्गुनात एका सकाळी रुक्मिणबाईने चहा कपाच्या बाहेर ओतला आणि ओततच राहिली.

उजवा डोळा गेला, डावाही फार दिवस टिकणार नाही, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले. एवढा उशीर का केला, हेही त्यांनी विचारलं. रुक्मिणबाई म्हणाली, "तारीखच मिळत नव्हती साहेब."

दुसऱ्या दिवशी तो मिलमध्ये गेला. माणिकप्पांना रुक्मिणबाईच्या डोळ्याची बातमी कळली होती.

"पैशाची अडचण होती तर मला सांगायचं न्हाई का?" त्यांनी विचारलं. "मी काय परका हाय?"

मग सटवाजीला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. वायर, भाडी, औशाचं गॅरेज, अडतीस हजार. नोकरीची भीती आता उरली नव्हती. डिकीतून आणलेला बेल्ट त्याने गादीवर मालकांपुढे ठेवला.

"तुमच्या लेकराबाळांसाठी केलं, मालक," तो म्हणाला.

माणिकप्पांनी चष्मा लावला. बेल्ट उचलून उजेडात धरला, बोटांनी उलटासुलटा करून पाहिला. ते रागावले नाहीत.

"वायरचं मला चार सालापास्नं ठाऊक हाय, सटवाजी," ते म्हणाले. "म्हणून तर तू श्रावणात लोह्याला गेलास तवा मी बेल्ट बदलून घेतला. हा तोच नवा हाय."