रविवारची सोनोग्राफी

लिफ्टचं दार उघडलं आणि आधी मेंढी बाहेर आली. मग दोरी, मग दोरी धरलेले मेंढपाळ दत्तोबा, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर मंदाकिनींची भाची अपूर्वा.

"लिफ्टमध्ये पाळीव प्राणी आणू नयेत, असं खाली लिहिलंय," वासंतीबाई म्हणाल्या.

"ही पाळीव न्हाई, मावशी," दत्तोबा म्हणाले. "सरकारी हाय."

कोथरूडच्या त्या दवाखान्यात रविवारी सकाळी वासंतीबाई आणि त्यांची सून नम्रता, एवढ्या दोघीच बसलेल्या होत्या. नम्रताला दहा दिवस इंजेक्शनं चालू होती. बीजाची पिशवी, म्हणजे फॉलिकल, किती वाढलीय ते बघायला डॉक्टरांनी आज बोलावलं होतं. उपचारांचा हा पाचवा महिना. दर वेळी सासूबाई बरोबर यायच्या, बरोबर आत जायच्या आणि पडद्यावर डॉक्टरांच्या आधी बघायच्या.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी मेंढीकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"फोनवर तू म्हणालीस, एक पेशंट आणतेय."

"आत्या, मेंढी संशोधन केंद्रातलं सोनोग्राफी मशीन बंद पडलंय. हिला चार दिवस हार्मोनची इंजेक्शनं दिलीत. फॉलिकल उद्या सकाळपर्यंत फुटतील. त्याआधी मोजली नाहीत तर माझे आठ महिने गेले. पीएचडीचा अख्खा तक्ता हिच्यावर अडलाय."

"बरं. नवऱ्याचं नाव काय लिहू?"

अपूर्वाने आत्याकडे बघून डोळे वटारले. दत्तोबांनी मात्र प्रामाणिकपणे विचार केला. "त्ये अजून ठरल्यालं न्हाई," ते म्हणाले.

डॉक्टर नम्रताकडे वळल्या. "हिला आधी घेतलं तर चालेल? हिचं थांबणार नाही."

"घ्या की," वासंतीबाईच बोलल्या. "आमचं कुठे काय अडलंय. पाच महिने थांबलोच आहोत."

नम्रताने मान खाली घातली. समोर मेंढी उभी होती, तीही खालीच बघत होती.

आत्या-भाची आत जमिनीवर प्लास्टिक अंथरायला गेल्या. दत्तोबा कोपऱ्यात उकिडवे बसले.

"हिला राहत नाही का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"ऱ्हातंय की. दोनदा व्याली. इंजेक्शन ही ताईंची हौस."

"दुखतं का हो तिला?" नम्रताने विचारलं.

"टोचताना वरडती. मग इसरती."

नम्रताने हात पुढे केला आणि मेंढीच्या पाठीवर ठेवला. लोकर वाटली होती त्यापेक्षा खरखरीत होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "बाकीच्या मेंढ्या विचारतात का हो हिला? काय, काही विशेष, म्हणून?"

दत्तोबांनी हा प्रश्नही प्रामाणिकपणेच घेतला. "न्हाई," ते म्हणाले. "मेंढराला मेंढरू इचारत न्हाई. ज्येची ती चरती."

वासंतीबाईंनी मांडीवरची पर्स उगाचच उघडली आणि बंद केली.

मेंढीला आत नेलं. थोडी धडपड ऐकू आली, एक बें ऐकू आलं, "अगं, सरळ उभी राहा की बाई!" हे डॉक्टरांचं वाक्य ऐकू आलं. मग अपूर्वा ओरडली, "नऊ! आत्या, नऊ आहेत! डावीकडे पाच, उजवीकडे चार!"

बाहेर नम्रता पुटपुटली, "नऊ."

मेंढी आली तशीच शांतपणे बाहेर आली. एवढ्यात खालून वॉचमनची शिट्टी सुरू झाली. मेंढी आणलेला टेम्पो गेटसमोर आडवा लावला होता. दत्तोबांनी दोरी नम्रताच्या हातात दिली आणि जिन्याने पळाले. अपूर्वा डबा-केरसुणी घेऊन लिफ्टमधल्या लेंड्या गोळा करायला गेली. डॉक्टरांनी आतली जमीन पुसली, हात धुतले, सोनोग्राफीचा दुसरा प्रोब काढला आणि हाक मारली, "नम्रता, ये."

दोघी एकदम उठल्या.

नम्रताने दोरी सासूबाईंच्या हातात दिली. "तुम्ही बसा, आई. हिच्याजवळ कोणीतरी हवं."

वासंतीबाई दोरीकडे बघत राहिल्या. तोवर दार लागलंही होतं.

आत डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "एकच आहे," त्या म्हणाल्या.

"तिला नऊ होती."

"तिची पाच-पाच मिलिमीटरची. तुझं अठराचं आहे, आणि अगदी गोल आहे. आणि नऊ आहेत म्हणून तिला काही आनंद झालेला दिसला का तुला?"

नम्रताला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. पोट हलायला लागलं, पडद्यावरचं चित्रही हलायला लागलं.

"हसू नकोस, मोजू दे," डॉक्टर म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या. "उद्या-परवा फुटेल. त्यापुढचं मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं त्यांना विचारू नकोस."

नम्रता बाहेर आली तेव्हा वासंतीबाई ताठ बसल्या होत्या. एका हाताला दोरीचे दोन वेढे होते. दुसऱ्या हातात येताना भाजी घेतलेली पिशवी होती. ती रिकामी होती आणि मेंढी अजून चघळत होती.

सासूबाईंनी तोंड उघडलं. मेंढीकडे पाहिलं. परत मिटलं.

"मेथी खाल्ली हिनं," शेवटी त्या म्हणाल्या. "अख्खी जुडी."

"अरेरे."

"जाऊ दे." त्यांनी दोरीचा एक वेढा सोडवला. "रात्री तू काय खाशील, ते सांग."