आधी तू ऐक

"आधी तू ऐक," विश्वनाथराव म्हणाले आणि हेडफोन त्यांनी मुलाच्या हातात दिला.

प्रसन्नने तो डोक्यावर चढवला. दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधल्या त्या चिंचोळ्या दुकानात दुकानदाराने डेकचं बटण दाबलं. कॅसेट बाबांनी घरून आणली होती, त्यांच्या लाडक्या मारव्याची. तबला असा काही धडधडला की प्रसन्नच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मग बाबांची पाळी. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काउंटरवर ठेवून दिला.

"नको. नुसता भपका आहे."

"अंकल, इम्पोर्टेड पीस है," दुकानदार दुखावला.

"तू बोल त्याच्याशी," बाबा प्रसन्नला म्हणाले आणि दुसऱ्या हेडफोनच्या गाद्या बोटांनी दाबून बघायला लागले. एरवी भाव करण्यात ते भल्याभल्यांना हार जायचे नाहीत. आई गेली आणि तिच्याबरोबर बाबांची ती खुमखुमीही गेली. प्रसन्नला वाईट वाटलं.

हेडफोनची कल्पना त्याचीच. सन दोन हजार जवळ येत होतं, अमेरिकेला कॉम्प्युटरची माणसं हवी होती आणि नोएडातल्या त्याच्या ऑफिसातून दर महिन्याला कुणी ना कुणी उडत होतं. प्रसन्नलाही बोलावणं आलं होतं. त्याचा पाय मात्र घरातून निघत नव्हता. बाबांना एकटं कसं सोडायचं?

जन्मभर केंद्राच्या मंत्रालयात फायली उपसून घरी आले की बाबा चहाआधी कॅसेट लावत. सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळ झाली हे शेजाऱ्यांना त्यांच्या गाण्यावरून कळायचं. नोएडाच्या या नव्या सोसायटीत आल्यावर वर्षभरातच आई गेली आणि डेकवर धूळ बसायला लागली. टीव्ही नाही, मराठी मंडळाच्या मैफली नाहीत. दिवसभर पेपर वाचत बसायचे. प्रसन्नने विचारलं तर म्हणाले होते, "इथल्या भिंती म्हणजे पापड. लोकांना कशाला त्रास?"

शेवटी परवा जेवताना त्याने सरळ सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही पुन्हा गाणं ऐकायला लागलात तरच मी जाईन. नाहीतर नाही म्हणून कळवतो. भिंतींचंच अडत असेल तर आपण हेडफोन घेऊ."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले होते. मग एकदम म्हणाले, "चलो, शनिवारीच जाऊ."

दुसरा हेडफोन दिसायला देखणा होता, पण त्यातला तंबोरा कानात टोचत होता. प्रसन्नने तोंड वाकडं केलं. बाबांनीही ऐकला आणि नकारार्थी मान हलवली. तिसरा करड्या रंगाचा, साधा, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. दुकानदाराने तो मागच्या फळीवरून जरा नाराजीनेच काढला, कारण त्यात त्याला फारसं काही सुटणार नव्हतं. मऊ गाद्यांनी प्रसन्नचे कान पूर्ण झाकले, मार्केटचा गलका थांबला आणि गायक थेट समोर येऊन बसला. त्याचा चेहरा उजळला.

"बघू, बघू," म्हणत बाबांनी तो घाईने घेतला. या खेपेला डोळे बराच वेळ मिटलेले होते.

"हां! याला म्हणतात आवाज. तंबोऱ्याची तारन् तार वेगळी."

"तिन्ही वेळा आपलं एकमत! बिल्कुल तुमचाच कान आलाय मला," प्रसन्न खुशीत म्हणाला. बाबा हसले आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

घरी आल्यावर त्याने डेक पुसला, वायर जोडली. थंडीचे दिवस होते. बाल्कनीच्या दारात कोवळं ऊन आलं होतं, तिथे डेककडे पाठ करून बाबांची खुर्ची मांडली.

"दर रविवारी फोन करीन हं," तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला.

"फोन कशाला? पत्र लिही. परत परत वाचता येतं."

"रिटायर झालात, पण टपालाचा नाद नाही सुटला तुमचा."

बाबांनी हेडफोन चढवला. प्रसन्नने बटण दाबलं, कॅसेट फिरायला लागली. बाबांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर मात्रा मोजायला लागली. मग समेवर मान हलली, अगदी पूर्वीसारखी. प्रसन्नला भरून आलं. आई असती तर स्वयंपाकघरातून डोकावून हसली असती.

तो आतल्या खोलीत गेला आणि कंपनीच्या दिल्लीतल्या माणसाला त्याने फोन लावला. "हाँ जी, पक्का. टिकट करवा दीजिए." फोन ठेवला तेव्हा इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

तो चहा टाकायला गेला. आधण ठेवतोय तोच फ्रिज हिसका देऊन गप्प झाला. खाली अंगणात कुणीतरी ओरडलं, "लो, गई!"

नेमकी आत्ताच लाईट जायची होती! बाबांचा हिरमोड झाला असणार म्हणून तो तसाच बाहेर आला. डेकचा लाल दिवा विझला होता. कॅसेटची चाकं जागच्या जागी थांबली होती.

"बाबा—"

बाबा उन्हात त्याच्याकडे पाठ करून बसले होते. डोळे मिटलेले. बोटं ठाय लयीत मात्रा मोजत होती. एकही मात्रा चुकली नाही. हात वर उचलला गेला आणि बरोबर समेवर खाली आला.

"वाह!" ते स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "तू जा रे बिनधास्त. एकेक सूर स्वच्छ ऐकू येतोय."