मधली दोन मिनिटं

दवाखान्यात अशा चाचण्यांच्या चित्रफिती तपासणाऱ्या ताईने पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर, जिथे आई दिसायची, पुठ्ठा चिकटवला. नियमच होता तसा. आईचा चेहरा दिसला की बाळाच्या रडण्याचा आपण मनाने अर्थ लावतो. आवाजही बंद. समोर फक्त पाच महिन्यांचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा.

चाचणी साधी होती. आईने दोन मिनिटं बाळाशी हसतखेळत बोलायचं, मग दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा, मग पुन्हा खेळायचं. मध्ये बाळ रडलं तर चांगलंच. आईच्या हसण्याची सवय असेल तरच ते थांबल्याचं कळतं.

बाळंतपणानंतर धाकटी गप्पगप्प झाली होती. नवरा जहाजावर, सहा महिने येणार नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अहवाल बरा आला तरच बाळ तिच्याजवळ राहील. नाहीतर ती दवाखान्यात आणि बाळ दुसरीकडे.

भाचा सुरुवातीपासूनच रडत होता, मान फिरवत होता. मधली दोन मिनिटं मात्र शांत. एकटक समोर बघत चक्क हसला. मग पुन्हा रडारड.

ताईने वेळा पुन्हा तपासल्या. मग एकदम उलगडा झाला. ती शेजारच्या खोलीत गेली.

"अगं वेंधळे, उलटं केलंस ना? आधी दगड झालीस आणि मध्ये खेळलीस?"

धाकटीने आधी बाळाकडे पाहिलं. मग हसली. "झालं असेल गं. माझं माहितीये ना तुला, डावी चप्पल उजव्या पायात."

"जीव गेला असता माझा!"

"म्हणजे पास ना आम्ही?"

"पास."

धाकटी बाळाकडे बघून छान हसली. बाळाने मान फिरवली.

"झोपेला आलाय," ताई म्हणाली.

तिने शेरा लिहिला, 'क्रम चुकला. बाळाचा प्रतिसाद उत्तम.' डॉक्टरांनी सही केली. ताईने दोघांना बसमध्ये बसवून दिलं. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला.

परत येऊन ती आवराआवर करू लागली. पुठ्ठा काढला. चित्रफीत अजून चालूच होती. तिने ती मागे नेली.

सुरुवातीला धाकटी हसत होती, टाळ्या वाजवत होती. शेवटीही. मधली दोन मिनिटं तिचा चेहरा दगड होता, आणि परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा भाचा त्या चेहऱ्याकडे दोन्ही हात पसरत होता.